जीत

मंगळवारी आणि शुक्रवारी मी हिंडलग्याच्या तुरुंगात
अमेरिकेचा इतिहास शिकवतो.
गेटवर पेन उघडून बघतात, रिफिलसकट.
नकाशा आत नेऊ देत नाहीत,
नकाशा म्हणजे वाट, असं जेलरसाहेबांचं म्हणणं.
मग मिसिसिपी मी खडूनं काढतो
आणि ती दर वेळी मार्कंडेयसारखी वळते.

विद्यार्थी दोन. भरमा कणबर्गीचा, गंगय्या गोकाकचा.
भरमाला कन्नड येतं बाजारापुरतं,
त्याचं आरोपपत्र कन्नडमध्ये, एकवीस पानी.
म्हणून दोघांचा करार:
भरमानं माझ्या मराठी नोट्स समजावून सांगायच्या,
धड्यामागं गंगय्यानं आरोपपत्राचं एक पान वाचायचं.
सतरा पानं झालीत.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून तांब्याची तार गेली, अठरा किलो.
आरोपी क्रमांक एक, मालकाचा भाचा,
त्याच रात्री घरी जेवायला.
क्रमांक दोनला जामीन मंजूर आहे.
मंजूर होऊन दोन वर्षं चार महिने झाले.
पन्नास हजार रुपये,
आणि जमीन नावावर असलेला एक माणूस.
"जमीनवाला वळखीचा हाय की, सर.
मी त्येच्याच रानात राबत हुतो.
त्यो म्हणतो, तू सुटून ये, मग बघू."

आज तेरावी दुरुस्ती.
फळ्यावर लिहितो: गुलामगिरी यापुढे असणार नाही,
गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ती खेरीज.
भरमा उठतो, फळ्यापाशी येतो,
स्वल्पविरामावर बोट ठेवतो.
"हितनं आत शिरले व्हय?"

इथूनच.
हाताला काम नसताना रस्त्यावर दिसला, हा गुन्हा.
डुक्कर चोरलं तर पाच वर्षांपर्यंत.
दंड भरायला पैसे नसले
तर मळेवाला यायचा कोर्टात, दंड भरायचा
आणि माणूस घेऊन जायचा कापसाच्या रानात,
कधी कधी त्याच रानात.
सरकारसुद्धा कैदी भाड्यानं द्यायचं, खाणीला, रेल्वेला.
गुलाम मेला तर मालकाचं भांडवल जायचं,
भाड्याचा मेला तर
दुसरा मागवायचा.

भरमा बोट खाली घेत नाही.
बोटाला खडू लागलाय, स्वल्पविराम पुसट झालाय.
"आमचा आजा हुक्केरीत असाच हुता.
दोन पोती जोंधळ्यापायी अकरा वरसं.
आजी त्येला जीत म्हणायची."

आणि गंगय्या, जो वर्गात कधी बोलत नाही,
वही पुढं करतो.
मागच्या शुक्रवारी मी लिहून दिलेलं वाक्य:
१८६५, युद्ध संपले, उत्तरेची जीत झाली.
भरमानं वाचून दाखवलं, त्यानं कन्नडमध्ये उतरवलं,
एवढा एक शब्द ओळखीचा म्हणून तसाच ठेवला.
ज, त. त्याच्याकडे त्याचा अर्थ वेठ.
"सर," तो म्हणतो, मराठी जुळवत जुळवत,
"चार वर्ष लढाई. लई मेले.
आनी शेवटी जीत झाली.
मंग लढाई कशाला?"

बाहेर आमच्याकडे पाट्यांना काळं फासतात,
गाव कुणाचं यावर एसटीच्या काचा जातात,
आणि हा शब्द कधीचा ये-जा करतोय
दोन्हीकडचं ओझं घेऊन, कुठल्याच नाक्यावर न थांबता.

मी डस्टर घेतलं. "विजय लिही," म्हणालो. "विजय."
गंगय्यानं खोडलं नाही.
बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: सर म्हणतात, विजय.

घंटा झाली. पेन मोजून परत घेतलं.
दारापर्यंत भरमा आला, वही छातीशी.
"चार पानं ऱ्हायलीत, सर.
शेवटच्या पानावर काय असतंय?"

"सह्या," मी म्हणालो.